प्रति: आधी एआयला हरवा, मग ऑनलाइन या

डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटर गेममध्ये सर्वात अवघड पातळीच्या एआयला (कॉम्प्युटर उडवतो त्या शत्रूला) हरवल्याशिवाय ऑनलाइन सर्व्हरवर जाऊ नका, हा वरचा सल्ला मला अर्धाच पटला. नेम बसवायला एआय ठीक आहे. पण डीसीएसमध्ये त्याच्या विमानाचं फ्लाइट मॉडेल, म्हणजे विमान कसं उडेल हे ठरवणारं गणित, आपल्यापेक्षा सोपं असतं, त्यामुळे त्याच्याविरुद्ध लागलेल्या सवयी ऑनलाइन अंगलट येतात. शिवाय ऑनलाइन खेळणारा माणूस समान उंचीवर समोरासमोर भेटतोच कुठे? तो सूर्याच्या बाजूने खाली येतो, एक फैर झाडतो आणि वर निघून जातो.

टॅकव्ह्यूचं (उड्डाणाचं रेकॉर्डिंग तपासायच्या सॉफ्टवेअरचं) नाव अजून कुणी काढलं नाही, म्हणून लिहितोय. उड्डाणाचं रेकॉर्डिंग त्यात उघडून वेग आणि उंची एकत्र बघा. वेग खर्चून उंची मिळवता येते: घर्षण सोडून दिलं तर ताशी 500 किमी वेग म्हणजे साधारण 980 मीटर उंची, 300 किमी म्हणजे जेमतेम 350. स्पिटफायर या ब्रिटिश विमानातला खेळाडू के-4 च्या (जर्मन बीएफ 109 के-4 विमानाच्या) मागे कचकन वळतो, वेग 500 वरून 300 वर येतो, म्हणजे सहाशे मीटरची पुंजी एका वळणात उडवली. के-4 मुळात चढायला सरस, तो नाक वर करून निघून जातो आणि आपण खाली लोंबकळत बसतो. चॅटवर मग 'लॅग होता' (नेट अडखळत होतं) वगैरे चालू! मी रेकॉर्डिंग पाहतो तेव्हा गोळ्या लागण्याचा क्षण सोडून त्याआधीचं अर्धं मिनिट बघतो, लढाई बहुतेक वेळा तिथेच हातची गेलेली असते. काही सर्व्हर इतरांच्या विमानांचा डेटा बंद ठेवतात. तिथे स्वतःच्या विमानाचा आलेखही पुरतो.