शब्दचर्चा : 'सॅबोटर'ला मराठीत नेमकं काय म्हणाल?

शब्दवेडी

नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अमेरिकन सुपरहिरो चित्रकथांवर लेख लिहितेय. लेख जवळपास झालाय, पण एका शब्दापाशी चार दिवस गाडी अडून बसली आहे. तो शब्द म्हणजे 'सॅबोटर', शत्रूसाठी कारखाने, पूल असं काही गुपचूप निकामी करणारा माणूस.

या चित्रकथांत रणांगण फारसं दिसतच नाही. निदान सुरुवातीला तरी नाही, कारण अमेरिका युद्धात उतरली डिसेंबर १९४१ मध्ये. जो सायमन आणि जॅक कर्बी यांचा कॅप्टन अमेरिका हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणत दुकानात आला तो त्याच्या वर्षभर आधी. (मुखपृष्ठावर मार्च १९४१ छापलंय, पण अंक विकायला आला डिसेंबर १९४० मध्ये. किंमत १० सेंट.) आता युद्धच नाही तर हाणायचं कुणाला? तर घरात शिरलेल्यांना. म्हणून पानोपानी हेर, कारखाने उडवणारे, खोटी ओळख घेऊन वावरणारे. कॅप्टनची जन्मकथाच बघा. प्रोफेसर राइनस्टाइन किडकिडीत स्टीव्ह रॉजर्सला सुई टोचतात, पोरगा डोळ्यांदेखत पहाडासारखा होतो, आणि काचेपलीकडे बसून हा प्रयोग बघणाऱ्या बड्या लोकांतलाच एकजण पिस्तूल काढून प्रोफेसरांना गोळी घालतो. तो गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा माणूस. औषध गेलं, कृती प्रोफेसरांबरोबर गेली, म्हणून असा सैनिक एकच झाला.

आता 'स्पाय'ला हेर आहे, प्रश्न नाही. पण सॅबोटर? 'विध्वंसक' लिहिलं तर जहाज बुडवायला निघालेली पाणबुडी वाटते. 'तोडफोड करणारा' म्हणजे मोर्चात एसटीच्या काचा फोडणारा. 'घातपाती' आहे, पण मला ते विशेषण वाटतं, 'घातपाती कारवाया' असं. एकट्या माणसाला 'अरे घातपात्या!' अशी हाक मारता येईल का? तुम्ही काय वापराल?

रुळांवरचा

घातपाती. चर्चा संपली. :)

बरं, थोडं सविस्तर. रेल्वेत हयात गेली. गाडी घसरली की दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेला मथळा असतो, 'अपघात की घातपात?' आणि आमच्या तोंडीसुद्धा तीनच खाने असत : बिघाड, माणसाची चूक, घातपात. फिशप्लेटचे, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचे बोल्ट झिजून पडले तर बिघाड. रूळ तपासत फिरणाऱ्या कीमनने बघायचे राहून गेले तर चूक. पान्याने व्यवस्थित काढून शेजारी रचून ठेवलेले सापडले तर घातपात. एकदा तसे रचलेले बोल्ट मी स्वतः पाहिलेत. चारही बोल्ट, नटसकट, एका ओळीत. चोर असे ठेवून जात नाही हो, चोर घेऊन जातो. त्या ओळीला जो शब्द लागतो तो घातपात. 'तोडफोड' म्हणालात तर तो थंड डोक्याचा भाग निघून जातो.

बखरवाचक

रुळांवरचे काका, तुमचं बरोबर आहे, पण अर्धंच. त्याच मथळ्यातला घातपात विहिरीत सापडलेल्या मृतदेहालाही लागतो. 'नातेवाइकांनी घातपाताचा संशय व्यक्त केला' म्हणजे खून. म्हणून ताईंना 'घातपाती' ऐकताना यंत्र, कारखाना, पूल असं काही डोळ्यांसमोर येत नसावं.

जुन्या मराठीत या कामाला फार नेमका शब्द आहे : मेख मारणे. शत्रूची तोफ पळवून नेता येत नसेल तर तिच्या कानात, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकात, खिळा ठोकायचा. तोफ जागेवर उभी, दिसायला शाबूत, पण ऐन वेळी मुकी. यापेक्षा शुद्ध सॅबोटाज दुसरं कुठलं? आज आपण 'यात काहीतरी मेख आहे' म्हणतो. सुताराची पाचरही तशीच, 'ऐन वेळी पाचर मारली'. फ्रेंच शब्दाची गोष्टसुद्धा लाकडाचीच आहे. साबो म्हणजे लाकडी बूट, आणि कामगारांनी ते यंत्रात फेकले म्हणून सॅबोटाज, असं सगळीकडे सांगतात. गोष्ट झकास आहे, पण तिला जुना पुरावा नाही. 'साबोते' म्हणजे त्या बुटांनी खडखड चालणं, त्यावरून काम मुद्दाम ढिसाळ करणं, हा अर्थ जास्त पटतो. इंग्रजीत शब्द रुळला तो १९१० च्या फ्रेंच रेल्वे संपाच्या आसपास. म्हणजे काका, शब्द तुमच्याच खात्याचा!

रुळांवरचा

मग खडावा घालून चालतो तो 'खडावखोर' म्हणा. ताई, हा घेऊ नका.

जर्सीकर

मी जर्सी सिटीत राहतो, म्हणून मध्येच तोंड घालतोय. लेखात कॅप्टनच्या आधीचा शील्ड आहे का? झेंडा अंगावर पांघरणाऱ्या नायकांत पहिला मान त्याचा, 'पेप कॉमिक्स' अंक १, जानेवारी १९४०. त्याचे वडील मारले जातात ते ब्लॅक टॉमच्या स्फोटात. आणि ब्लॅक टॉम काल्पनिक नाही. ३० जुलै १९१६ च्या पहाटे इथल्या धक्क्यावर युरोपला जायचा दारूगोळा जर्मन हस्तकांनी उडवून दिला. समोरच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यालाही झळ बसली आणि तिच्या मशालीत लोकांना चढू देणं तेव्हापासून बंद झालं, ते आजतागायत. आई इथे आली होती तेव्हा तिला लिबर्टी स्टेट पार्कात फिरवताना मी हे सांगितलं. म्हणाली, "म्हणजे कुणीतरी दगा केला." घातपात नाही, हेरगिरी नाही. दगा. तुमच्या यादीत हा शब्द नाही म्हणून लिहिलं.

आणि खऱ्या घातपात्यांची तऱ्हाही बघा. जून १९४२ मध्ये आठ जर्मन पाणबुडीतून उतरले, चार लाँग आयलंडला, चार फ्लोरिडात. ॲल्युमिनियमचे कारखाने, रेल्वेपूल, ओहायो नदीवरची जलद्वारं उडवायचा बेत. किनाऱ्यावर पहिल्याच रात्री तटरक्षक दलाचा एक निःशस्त्र पोरगा गाठ पडला, तर त्याला २६० डॉलर देऊन गप्प राहायला सांगितलं. त्याने पैसे घेतले आणि थेट ठाण्यावर जाऊन कळवलं. पुढे त्यांच्या म्होरक्यानेच, जॉर्ज डॅशने, एफबीआयकडे जाऊन सगळ्यांची नावं दिली. ८ ऑगस्टला सहा जणांना विजेच्या खुर्चीत बसवलं. एकही बॉम्ब फुटला नव्हता. चित्रकथेत हेच काम करायला ढालवाला कॅप्टन लागतो, प्रत्यक्षात फितुरीने झालं.

शब्दवेडी

जर्सीकर, डॅश लेखात घेतेय, आभार. 'फितुरी' तिथे किती चपखल बसली! आपल्याकडे माणूस फितूर होतो तसा किल्लाही फितूर होतो, हे मला फार आवडतं.

पण 'फितूर' सॅबोटरला चालणार नाही. फितूर हा मुळात आपला असावा लागतो. जर्मनीहून पाणबुडीने आलेला फितूर कसा? तो घुसखोर. उलट कॅप्टन अमेरिकाचा शत्रू रेड स्कल बघा. पहिल्याच अंकात कवटीचा मुखवटा निघतो आणि आत कोण, तर सैन्याला विमानं पुरवणारा अमेरिकन कारखानदार मॅक्सन. तो फितूर, तो घरभेदी.

आता दुसरी डोकेदुखी. त्याच अंकाच्या पहिल्या पानावर 'फिफ्थ कॉलम'ची भीती घातलीय. बाहेरच्या हल्ल्याइतकाच आतल्या शत्रूचा धोका, असं. मी डोळे मिटून 'पंचमस्तंभी' लिहिलं. घरात वाचायला दिलं तर भाचा विचारतो, "चौथा स्तंभ पत्रकारिता ना? मग पाचवा कुठला, यूट्यूब?"

बखरवाचक

भाच्याला शाबासकी द्या. 'पंचमस्तंभी' हा भाषांतरातला जुना घोटाळा आहे. १९३६ मध्ये स्पेनच्या यादवीत जनरल मोलाच्या फौजा चार वाटांनी माद्रिदवर चालून येत होत्या, आणि पाचवी शहराच्या आतच आहे, असं त्याच्या नावावर सांगतात. ते 'कॉलम' म्हणजे सैन्याची चालती रांग, तुकडी. आपल्याकडे कुणीतरी त्याचा खांब केला. रांग चालते हो, खांब कुठे चालतो? पण शब्द रुळला, आता काय करता. लेखात 'पाचवी फळी' लिहा. फळी फुटते, फळी उभी राहते, फळी लढते. मराठीत फळी ही फौजच आहे.

शब्दवेडी

'पाचवी फळी'! घेतला.

सहज वाचणारी

मधेच एक बावळट प्रश्न. बाई असेल तर काय? वंडर वुमनची पहिली मोठी शत्रू बॅरोनेस पाउला फॉन गुंथर ही नाझी हेरच आहे ना? हेरीण?

शब्दवेडी

बावळट अजिबात नाही, मी तिथे घाम गाळलाय. 'हेरीण' वाचलं की हरीण दिसतं. 'घातपातीण' तर नकोच. शेवटी 'नाझींची हेर पाउला' असं करून क्रियापदावर भार टाकला : ती आली, तिने टिपलं, ती निसटली. पाउला पुढे सुधारते आणि वंडर वुमनच्याच बाजूला येते, म्हणजे तिथे पुन्हा शब्द बदलायला हवा. गंमत म्हणजे वंडर वुमन स्वतः डायना प्रिन्स म्हणून चष्मा लावून लष्करी गुप्तवार्ता खात्यात सेक्रेटरी असते. म्हणजे खोट्या ओळखीने सरकारी कचेरीत बसलेली ती आणि खोट्या ओळखीने शिरलेली पाउला. कामाची रीत सारखीच की हो.

मुरबाडकर

तुम्ही ज्या वळणावर आलात तिथेच मला बोलायचंय.

आमच्या भागात लहानपणापासून २ जानेवारीला सिद्धगड ठाऊक असतो. १९४३ मध्ये त्या दिवशी पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. भाई माथेरानचे, शिकलेले वकील. ४२ च्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने काय केलं? मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. पायाचे बोल्ट काढायचे, कापायचं, मनोरा झोपवायचा. काका, तुमच्या रुळांवरच्या त्या ओळीत मांडलेल्या बोल्टांसारखंच, थंड डोक्याने. साताऱ्याकडे पत्री सरकारच्या तुफान सेनेने ७ जून १९४३ ला शेणोलीला पगाराची गाडी अडवून लुटली. इंग्रजांच्या कागदोपत्री याला सॅबोटाज आणि दरोडाच म्हणणार. आम्ही त्यांना घातपाती म्हणतो का? जीभ रेटणार नाही. ते भूमिगत, ते क्रांतिवीर, ते हुतात्मा.

म्हणजे ताई, मराठीत सॅबोटरला शब्द नाही असं नाही. एक आपल्या माणसासाठी आहे, एक त्यांच्या माणसासाठी. 'गुप्तहेर' आपला असतो, 'हस्तक' त्यांचा. आपला हस्तक पकडला गेला, असं कधी वाचलंय?

शब्दवेडी

मुरबाडकर, तुमची पोस्ट वाचून उठले आणि सगळे उतारे पुन्हा काढून बसले. चित्रकथांतही अगदी हेच आहे. कारखाना जर्मन माणसाने उडवला तर सॅबोटर. शत्रूच्या मुलखात जाऊन पूल आपल्यांनी उडवला तर कमांडो. सायमन-कर्बींनी १९४२ मध्ये 'बॉय कमांडोज' काढलं, त्यात तर पोरंही कमांडो. म्हणजे 'घातपाती'ला जो परकेपणाचा वास येतो म्हणून मी नाक मुरडत होते, तोच या लेखाला हवा आहे. त्या लेखकांना तरी तटस्थ शब्द कुठे हवा होता?

बखरवाचक

कमांडोवरून आठवलं. 'गनीम' म्हणजे शत्रू, आणि मोगल हा शब्द आपल्याला लावत. आज आपण 'गनिमी कावा' अभिमानाने सांगतो. शिवी उचलून कपाळाला लावायची खोड जुनीच आहे.

शिवाय 'हेर'च्या शेजारी 'जासूद' वापरू नका, शोभिवंत दिसला तरी. पेशवे दफ्तरातली जासूदजोडी पत्रं पोचवते. तो टपालवाला आहे.

जर्सीकर

या परकेपणाबद्दल एकच. तो वास माणसाच्या चेहऱ्याला चिकटला की काय होतं तेही लिहा. पर्ल हार्बरनंतरच्या अंकांत जपानी म्हटला की पिवळा रंग, सुळे, आणि हमखास घातपाती. त्याच काळात, फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानंतर, पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं. बहुतेक जण जन्माने अमेरिकन. १९८० च्या दशकात सरकारी आयोगानेच सांगितलं की त्यांच्यापैकी कुणीही हेरगिरी किंवा घातपात केल्याची एकही नोंद नाही. माझ्या मुलीला शाळेत हा धडा होता. ती जुन्या चित्रकथांचं पुस्तक चाळताना या पानांवर आली आणि मला विचारलं, "बाबा, हे विनोदी आहे का?"

शब्दवेडी

यावर लेखात दोन परिच्छेद आहेत, आता तिसरा होईल. त्या चित्रांच्या खाली मात्र मी 'घातपाती' अवतरणात टाकणार आहे.

सहज वाचणारी

आणि सुपरमॅन? तो का नाही जात युद्धावर?

शब्दवेडी

गेला असता तर युद्ध एका दुपारीत संपलं असतं, ही लेखकांची अडचण. म्हणून क्लार्क केंटला भरतीच्या डोळे तपासणीत नापास केला. क्ष-किरण नजरेने तो चुकून शेजारच्या खोलीतला तक्ता वाचून दाखवतो! मग स्वारी घरीच, देशातले घातपाती पकडायला.

आता शेवटचं अडलेलं. 'स्पाय स्मॅशर' नावाचा एक नायक आहे, १९४० पासून 'व्हिझ कॉमिक्स'मध्ये. 'हेरमर्दन' कसं वाटतं?

रुळांवरचा

हेरमर्दन म्हणजे हेराला तेल लावून मालीश.

बखरवाचक

'हेरांचा कर्दनकाळ' करा. नाव म्हणून लांब आहे, पण पोरं आवडीने म्हणतील. इंद्रजाल कॉमिक्सवाल्यांनी फँटमचा 'वेताळ' केला तेव्हा शब्दाला शब्द लावत बसले नव्हते. 'भूत' केलं असतं तर कोण वाचणार होतं?

शब्दवेडी

गोम अशी की युद्ध संपल्यावर हेर संपले, आणि बिचाऱ्याचं नाव बदलून 'क्राइम स्मॅशर' करावं लागलं. कर्दनकाळ असला तर नुसता पुढचा शब्द बदलेन, 'गुन्हेगारांचा कर्दनकाळ'. छान, हेच नक्की.

तर माझ्यापुरतं असं ठरलं : बाहेरून आलेला घातपाती, आतला फितूर, दोघांना पोसणारा हस्तक, आणि 'फिफ्थ कॉलम' पाचवी फळी. 'मेख' एका मथळ्यात वापरणार आहे. संपादकांनी कापली नाही तर दिसेलच. रेड स्कलचं 'लाल कवटी' ठेवू की 'रक्तकवटी'?

रुळांवरचा

लाल कवटी. आणि ताई, अंक आला की सांगा, स्टॉलवर जाऊन घेतो.