जुन्या पीसीवर एफटीपी सर्व्हर टाकला, लॉगिन होतं पण फोल्डरची लिस्टच येत नाही

पत्रिकावाला_महाल:

नमस्कार मंडळी. नागपुरात महाल भागात आमचं लग्नपत्रिका छापायचं छोटं दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं, आता मी आणि बाबा दोघं पाहतो. एका कॉम्प्युटरवर मी कोरलड्रॉमधे डिझाइन करतो, दुसरा आत मशीनजवळ आहे, तिथं आमचे काका बसतात, ते बाबांच्या वेळेपासून आहेत. फाइल इकडून तिकडे पेनड्राइव्हनंच जायची. मागच्या महिन्यात एका पार्टीनं मुहूर्त बदलून सांगितला, १२ वाजून ५ चा १२ वाजून ३५ केला, मी फाइल दुरुस्त केली पण पेनड्राइव्हवर आधीचीपण राहून गेली होती आणि काकांनी नेमकी तीच लावली, ४०० पत्रिका गेल्या. मुलीचे वडील काउंटरपाशी उभे राहिले, काही बोलले नाहीत, फक्त मुहूर्ताच्या ओळीवर बोट ठेवून पत्रिका माझ्यासमोर धरली. रात्रभर बसून परत छापून दिल्या, पण तेव्हाच ठरवलं की पेनड्राइव्ह बंद.

घरी २००९ चा पीसी पडून होता, कोर टू ड्युओ, २ जीबी रॅम, १६० जीबी हार्डडिस्क, विंडोज ७. तो दुकानात आणला, धूळ झाडली आणि त्यावर फाइलझिला सर्व्हर टाकला, म्हणजे नेटवर्कवरून फाइल द्यायघ्यायचा एफटीपी प्रोग्राम. फायरवॉलमधे २१ नंबरचा पोर्ट, म्हणजे एफटीपीचं दार, उघडला. काकांच्या मशीनवरून जोडलं तर युजरनेम पासवर्ड घेतो, लॉगिन झालं म्हणतो, मग २० सेकंद नुसता थांबतो आणि लिस्टिंग मिळाली नाही म्हणून तुटतो. तुटायच्या आधी लॉगमधे ही ओळ दिसते:

२२७ एंटरिंग पॅसिव्ह मोड (१९२,१६८,१,१०,१९५,८०)

दोन दिवस झाले याच्या मागे आहे, केबल बदलली, दोनदा रीइन्स्टॉल केलं. पीसी जुना आहे म्हणून होतंय का हे? नवीन घेणं आत्ता जमणार नाही आणि तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू, त्याच्या आत हे बसवायचंच आहे.

मानेवाडा_नेटवर्क:

भाऊ, पीसीचा काही दोष नाही, तुम्ही जी ओळ टाकली तिच्यातच उत्तर आहे. एफटीपी दोन रस्त्यांनी चालतं. २१ नंबरवर फक्त बोलणं होतं, म्हणजे युजरनेम, पासवर्ड, ही फाइल दे, ती लिस्ट दाखव. खरा माल, म्हणजे फाइल आणि फोल्डरची लिस्टसुद्धा, दुसऱ्या दारातून येते आणि ते दार दर वेळी नवीन असतं. त्या कंसातले पहिले चार आकडे तुमच्या सर्व्हरचा पत्ता, १९२.१६८.१.१०. शेवटचे दोन म्हणजे दाराचा नंबर. १९५ ला २५६ नं गुणा, ४९९२० येतात, त्यात ८० मिळवा, झाले ५००००. म्हणजे सर्व्हर काकांच्या मशीनला सांगतोय की ५०००० वर ये, लिस्ट देतो, आणि तुम्ही फायरवॉलमधे उघडलाय फक्त २१. काकांचं मशीन ५०००० वर जाऊन दार वाजवतंय, फायरवॉल उघडत नाही, २० सेकंद वाट पाहून परत येतंय. लॉगिन होतं आणि लिस्ट येत नाही, याचं दहातल्या नऊ वेळा हेच कारण असतं.

करायचं एवढंच की फाइलझिला सर्व्हरच्या सेटिंगमधे पॅसिव्ह मोडवर जा, पोर्टची रेंज स्वतः ठरवून द्या, ५०००० ते ५००५० पुरे तुमच्या दुकानाला, आणि तीच रेंज विंडोजच्या फायरवॉलमधे इनबाउंडला टीसीपीसाठी उघडा. सर्व्हिस रीस्टार्ट करा. पूर्ण फायरवॉल बंद करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, चालून जातं म्हणून लोक तसंच सोडून देतात आणि मग सगळंच उघडं राहतं.

पॉलिटेक्निक_ताई:

वरचं उत्तर बरोबर आहे, त्यानं लिस्ट नक्की येईल. पण दादा, चालू झालं की तिथंच थांबू नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे. एफटीपीचा पहिला मसुदा १९७१ चा आहे, आपल्या आयआयटी कानपूरमधून शिकून एमआयटीत गेलेल्या अभय भूषण यांनी लिहिलेला, आज जे चालतं ते साधारण १९८५ च्या नियमांवर. त्या काळी नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, चोरून ऐकणारं कोणी असेल हा विचारच नव्हता, त्यामुळे पासवर्ड उघडाच जातो. मी लॅबमधे पोरांना हे दरवर्षी दाखवते. एका मशीनवर वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून काय काय जातं ते दाखवणारं सॉफ्टवेअर, लावायचं, एफटीपीनं लॉगिन करायचं, आणि स्क्रीनवर पीएएसएस या चार अक्षरांपुढे त्यांचा पासवर्ड जसाच्या तसा येतो, वर्ग एकदम शांत होतो. क्रोम आणि फायरफॉक्सनं २०२१ मधे एफटीपी काढूनच टाकलं, ते काही उगाच नाही.

दुसरं म्हणजे विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट देणं बंद केलंय. ज्या मशीनवर सगळ्या गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर ठेवणार ते मशीन असं नको. तुमचा कोर टू ड्युओ ६४ बिटचा आहे, म्हणजे विंडोजऐवजी आत्ताचं डेबियन १३, ही फुकटची लिनक्स सिस्टिम, त्यावर चालतं. त्याहून जुना ३२ बिटवाला प्रोसेसर असता तर अडलं असतं, कारण १३ पासून त्यांनी ३२ बिटचा इन्स्टॉलर काढला. इन्स्टॉल करताना शेवटी काय काय टाकायचं ते विचारतात, तिथं डेस्कटॉपची खूण काढा आणि एसएसएच सर्व्हरची ठेवा. डेस्कटॉप नसला की २ जीबी रॅम भरपूर होते. एसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून करायची कुलूपबंद जोडणी, आलं म्हणजे तिच्यातूनच फाइल पाठवायचं एसएफटीपी आपोआप आलं, वेगळा सर्व्हर लागत नाही. सगळं एकाच दारातून जातं, २२ नंबर, बोलणं आणि माल दोन्ही, तेही कुलूपबंद. ५०००० ची भानगडच राहत नाही. विंडोजवरून विनएससीपी किंवा तुमचंच फाइलझिला वापरा, दोन्हीत एसएफटीपी आहे.

एका जागी सगळे अडतात म्हणून आधीच सांगते. काकांना फक्त पत्रिकांचंच फोल्डर दिसावं म्हणून सीएचरूट लावाल, तर ते वरचं फोल्डर रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्याच्या, मालकीचं पाहिजे आणि बाकी कोणाला त्यात लिहायची परवानगी नको, म्हणजे ७५५. तुमच्या नावावर केलंत तर पासवर्ड बरोबर असून कनेक्शन लगेच तुटेल आणि कारण फक्त सर्व्हरच्या लॉगमधे दिसेल. लिहायचं फोल्डर त्याच्या आत वेगळं करा.

आणि मुहूर्ताची जी चूक झाली ती सर्व्हर टाकल्यानं जाणार नाही. पेनड्राइव्हवर दोन फाइली होत्या तशा सर्व्हरवरही दोन राहतील, उलट जास्त. काकांचं लॉगिन वेगळं करा, त्यांना फक्त एकच फोल्डर दिसू द्या, नाव ठेवा छापायला, त्यात त्यांना वाचायचीच परवानगी. पार्टीनं प्रूफवर सही केली की तुम्हीच फाइल तिथं टाकायची, एका पार्टीची एकच फाइल, दुरुस्ती आली तर आधीची काढून दुसऱ्या फोल्डरमधे. विनएससीपीनं टाकलीत तर आणखी एक फायदा, मोठी फाइल जात असते तोवर तिच्या नावामागे फाइलपार्ट लागलेलं असतं, पूर्ण पोचली की खरं नाव येतं, त्यामुळे अर्धी फाइल काकांकडून उघडली जात नाही.

बर्डी_हार्डवेअर:

ताईंचं सगळं बरोबर आहे पण पत्रिकावाले भाऊ, मले वेगळीच चिंता लागून रायली. २००९ चा पीसी म्हणजे हार्डडिस्कपण २००९ चीच असन ना? त्यावर लोकांच्या पत्रिका ठेवून रायले तुम्ही? प्रोसेसर अन् रॅम अजून दहा वर्षं चालतीन, त्यायले काही होत नाही, डिस्क मात्र सांगून जात नाही. विंडोज काढायच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून डिस्कची तब्येत पाहा, रीअलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब म्हणून डिस्कनं सोडलेल्या जागा, त्यासमोर शून्याच्या वर काही दिसलं तर ती डिस्क माळ्यावर ठेवा, कामाले नको. तुमच्या बोर्डाले साटा असते, बर्डीच्या बाजारातून २५० जीबीचा छोटा एसएसडी आणा, तीच केबल लागते. पैसे लावायचे तर फक्त इथंच लावा.

झाकण उघडलंच आहे तर बोर्डावरचा बटनसेल बदला, सीआर २०३२, घड्याळात टाकतात तसा गोल. तो संपला की वीज गेली का तारीख मागं जाते, मग डेबियन अपडेट घेतच नाही, तारीख जुळत नाही म्हणते, अन् माणूस नेट खराब आहे समजून बसते. एक पोरगा माझ्याकडं पीसी घेऊन आला होता, आठ दिवस नेटवाल्याशी भांडला अन् निघाला सेल. प्रोसेसरवरची पेस्ट सुकून पापडी झाली असन, ती पुसून नवीन लावा. पॉवर सप्लायजवळचे कपॅसिटर पाहा, डोकं फुगलेलं दिसलं तर लावू नका. अन् बायोसमधे एक सेटिंग असते, वीज आल्यावर आपोआप चालू हो, ते लावून ठेवा, नाही तर लाइन गेली का काका सकाळी येऊन फाइल दिसत नाही म्हणून फोन करतीन. छोटा यूपीएस लागनच.

जागेचं सांगतो. नागपूरचा मे महिना तुम्हाले मी काय सांगू, २०१३ मधे ४७.९ गेला होता पारा. पीसी पत्र्याखाली नको, अन् कूलरच्या समोर तर अजिबातच नको. लोक थंड राहीन म्हणून कूलरपुढे ठेवतात अन् ती ओली हवा दिवसभर आत जाते, धूळ चिकटून बसते, दोन उन्हाळ्यात बोर्ड हिरवा पडते, मी हाताळलेत असे बोर्ड. जमिनीवरून वीतभर वर, भिंतीपासून जरा दूर, बस.

पत्रिकावाला_महाल:

सगळ्यांचे मनापासून आभार. रेंज टाकून फायरवॉल उघडल्यावर पाच मिनिटांत लिस्ट आली, २५६ चा गुणाकार मी कागदावर करून पाहिला, खरंच ५०००० आलं. पण ताई तुमचं वाचून मग ते सगळं काढलंच. बर्डी भाऊ, डिस्कवर ११२ दाखवत होतं म्हणून एसएसडी आणला, सेल पण बदलला. रविवारी दुकान बंद ठेवून डेबियन टाकलं. सीएचरूटला अडलोच, तुम्ही लिहिलं होतं तरी घाईत माझ्याच नावावर केलं, मग परत येऊन वाचलं आणि रूटला दिलं तेव्हा चाललं.

एक विचारायचं होतं, मला रात्री घरून, त्रिमूर्ती नगरातून, फाइल टाकता आली पाहिजे. राउटरमधे २२ नंबर फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून येणारं सर्व्हरकडे वळवलं, पण बाहेरून लागत नाही.

मानेवाडा_नेटवर्क:

आधी तो फॉरवर्ड काढा भाऊ. २२ नंबर बाहेर उघडा ठेवला की तासाभरात जगभरचे बॉट पासवर्ड मारायला लागतात, लॉग भरून जातो. आता लागत का नाही ते पाहा, राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, काय आहे? १०० नं सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल तर तुमच्या नेटवाल्यानं कितीतरी गिऱ्हाइकांना मिळून एकच पब्लिक पत्ता दिलाय, तुमच्या राउटरपर्यंत बाहेरचं काही पोचतच नाही, कितीही फॉरवर्ड करा. स्टॅटिक आयपी, म्हणजे तुमचा एकट्याचा कायमचा पत्ता, त्याचे वेगळे पैसे मागतात. तुमच्या कामाला टेलस्केल टाका, सर्व्हरवर आणि घरच्या लॅपटॉपवर, दोन्ही एकाच खात्यानं लॉगिन करा, दोघं जणू एकाच दुकानात असल्यासारखे दिसतात आणि बाहेर कुठलंच दार उघडं राहत नाही. एवढ्याला फुकटचा प्लॅन पुरतो.

पॉलिटेक्निक_ताई:

आणि घरच्या लॅपटॉपवरून पासवर्डऐवजी एसएसएच की, म्हणजे लॅपटॉपमधे ठेवायची किल्लीची फाइल, वापरा, एकदा ते चाललं की तुमच्या लॉगिनला पासवर्डनं येणं बंदच करा. काकांचं राहू द्या पासवर्डवर, ते दुकानातच आहेत.

पत्रिकावाला_महाल:

वॅनचा आयपी १०० नंच सुरू होत होता. टेलस्केल टाकलं, काल रात्री साडेदहाला घरून पहिली फाइल टाकली. दुकानात १.८ जीबीचं एक फोल्डर पाठवून पाहिलं तर पावणेतीन मिनिटं लागली, सेकंदाला ११ एमबीच्या आसपास येतंय.

मानेवाडा_नेटवर्क:

म्हणजे मधला स्विच १०० एमबीपीएसचा आहे, त्याची हद्दच ती. गिगाबिटचा लावला तर वाढेल, पण पत्रिकेच्या फाइलला काही गरज नाही. त्या पैशात बाहेरची हार्डडिस्क घ्या आणि दर शनिवारी सगळं तिच्यावर उतरवून ती डिस्क घरी ठेवा, दुकानात नाही.

पत्रिकावाला_महाल:

हो, ते बाबांनीच अंगावर घेतलंय, शनिवारी दुकान बंद करताना डिस्क लावायची आणि पिशवीत घालून घरी न्यायची. आज सकाळी काकांनी स्वतः छापायला फोल्डर उघडलं, आत एकच फाइल होती, तरी मला हाक मारून मुहूर्त वाचून दाखवला आणि मग प्लेट लावली.