मदत हवी आहे : अल्झायमरमध्ये दाह कमी करणारी गोळी द्यावी का?

राजारामपुरीकर : वडिलांना अल्झायमर आहे. या आजारात मेंदूत दाह असतो, असे वाचनात आले. गुडघेदुखीसाठी घरात असलेली नॅप्रॉक्सेनची गोळी त्यांना रोज दिली, तर आजार आटोक्यात येईल का? कृपया लवकर सांगावे. चार-पाच दिवसांपासून ते रात्रभर जागे असतात आणि मलाही ओळखत नाहीत.

संधिकाल : वय, इतर आजार, चालू औषधे यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही.

राजारामपुरीकर : वय 74. ॲस्पिरिन, रक्तदाबाची गोळी आणि अल्झायमरसाठीची डोनेपेझिल चालू आहे. माझा प्रश्न मात्र नॅप्रॉक्सेनचा आहे.

पन्हाळकर : गोळ्यांपेक्षा हळदीचे दूध द्यावे. आमच्या आत्यांना फरक पडला होता.

संधिकाल : पन्हाळकर, हळदीतील करक्युमिन पोटातून रक्तात फारच कमी उतरते आणि अल्झायमरच्या रुग्णांवरील चाचण्यांत त्याचा लाभ दिसलेला नाही. मूळ प्रश्नाविषयी : संधिवातासाठी अशा गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये अल्झायमर कमी आढळल्याने मोठी आशा निर्माण झाली होती, परंतु 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभर नॅप्रॉक्सेन घेऊनही रुग्णांची घसरण मंदावली नाही. मेंदूतील मायक्रोग्लिया या पेशी ॲमिलॉइड (या आजारात मेंदूत साचणारे प्रथिन) साफ करतात आणि त्याच दीर्घकाळ उत्तेजित राहिल्या की चेतापेशींना इजाही करतात, म्हणून सरसकट दाह दडपून भागत नाही. शिवाय ॲस्पिरिनसोबत नॅप्रॉक्सेन दिल्यास जठरात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. कृपया देऊ नका.

पन्हाळकर : अनुभवालाही काही किंमत असते.

करवीरकन्या : 2023 मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकॅनेमॅब या अल्झायमरवरील इंजेक्शनविषयी डॉक्टरांना विचारावे. तसेच वडिलांच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवावी.

संधिकाल : ते इंजेक्शन ॲमिलॉइड हटवते, तेही आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात; त्याने मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो.

शुश्रूषा : औषधांची चर्चा क्षणभर थांबवावी. अल्झायमर चार-पाच दिवसांत असा कोसळत नाही. वृद्धांमध्ये मूत्रमार्गाचा किंवा छातीचा संसर्ग झाला, की शरीरातील दाहाचा परिणाम मेंदूवर होऊन अचानक भ्रम होतो, आणि आधीच दुबळ्या मेंदूत तो अधिक तीव्र असतो. ताप आहे का? लघवीची काही तक्रार?

राजारामपुरीकर : लघवीला सारखे जातात, कालपासून अंगही गरम लागते. वयामुळे असेल असे वाटले, म्हणून लिहिले नाही. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

शुश्रूषा : सोमवारपर्यंत थांबू नका. आजच कोल्हापुरातील सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या, लघवी आणि रक्त तपासून घ्या आणि सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत ठेवा.

राजारामपुरीकर : रिक्षा बोलावली आहे. नॅप्रॉक्सेन दिलेली नाही.