देवबाग संगम, आईबाबांसोबत जमेल का?

डिसेंबरात तारकर्ली-देवबागला जायचंय, सोबत आईबाबा आणि ६ वर्षांची मुलगी. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे बोटीने फिरायचंय, वॉटर स्पोर्ट्स जमलं तर. कुडाळला उतरू. वेळ कुठली बरी?

खाडीवाला: आधी भरती-ओहोटी बघा हो! त्सुनामी आयलंड म्हणजे खाडीतला वाळूचा पट्टा, भरतीला पाण्याखाली जातो. आमच्याकडचा हिशोब सोपा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला ६ वाजता भरती आणि दुपारी १२ च्या सुमारास ओहोटी, तेव्हा पट्टा उघडा मिळतो. पुनवेला, अवसेला उधाण, पाण्याला ओढ जास्त, संगमाच्या तोंडाशी अजिबात पोहू नका.

सोनचाफा: सकाळी लवकर निघा, वारा कमी असतो. आम्ही दुपारी गेलो तर बोट इतकी हलली की सासूबाईंनी माझा हात सोडलाच नाही, बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते 😅 बनाना राइड आईबाबांना नकोच. समोर भोगवेचा किनारा दिसतो, तो मात्र बघाच.

प्रश्नकर्ती: पाऊणपटीचं माहीतच नव्हतं, कालनिर्णय काढते आता. लहान मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट मिळतं का?

खाडीवाला: बोट ठरवतानाच विचारा, आणि बसायच्या आधी पट्टे स्वतः ओढून बघा.