गेमिंगसाठी प्रोसेसर: मधला पुरे, की थेट वरचा?

रात्रपाळी (प्रश्न)

सध्याचं मशीन: रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, डीडीआर४ ३२०० च्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक. ग्राफिक्स कार्ड नुकतंच बदललं, आता आरटीएक्स ४०७० सुपर आहे. मॉनिटर १४४०पी, १६५ हर्ट्झ. मुख्य खेळ तीन: काउंटर-स्ट्राइक २, सायबरपंक २०७७ आणि सिटीज स्कायलाइन्स २. कार्ड बदलल्यावर फ्रेम वाढल्या, पण झटके (चित्र मध्येच अडखळणं) गेले नाहीत.

डोक्यात तीन पर्याय आहेत. रायझन ५ ७६००, किंवा रायझन ७ ७८००एक्स३डी, नाहीतर "एकदाच घ्यायचं तर मोठंच घ्या" म्हणून रायझन ९ ९९५०एक्स किंवा वापरलेला आय९-१४९००के. पण टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ४५ टक्क्यांच्या वर जातच नाही. म्हणजे आहे तो प्रोसेसरसुद्धा अर्धा मोकळाच आहे ना? आणि अधूनमधून ओबीएसवरून (स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर) स्ट्रीम करायचं असेल तर जास्त कोअर लागतात का?

फ्रेममोजणी

४५ टक्के हा आकडा फसवा आहे. ३६०० मध्ये १२ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत आणि टास्क मॅनेजर त्या सगळ्यांची सरासरी दाखवतो. एक थ्रेड काठोकाठ भरला तरी त्या सरासरीत जेमतेम ८ टक्के दिसतात. खेळाचा मुख्य थ्रेड आणि कार्डाला काम देणारा थ्रेड, एवढे दोन तुंबले की बाकीचे नुसते वाट बघत बसतात.

त्यापेक्षा कार्डाकडे बघा. आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर ही मोजणीची सॉफ्टवेअर लावून जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाचा) वापर आणि फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख स्क्रीनवर घ्या. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय) आणि फ्रेमची मर्यादा दोन्ही बंद ठेवा, नाहीतर मोजणीला अर्थ नाही. जीपीयू ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर कार्ड पूर्ण राबतंय. ६०-७० वर रेंगाळत असेल तर ते प्रोसेसरसाठी किंवा रॅमसाठी खोळंबलंय.

दुसरी चाचणी याहून पक्की. खेळात गर्दीच्या एका जागी उभे राहा, डीएलएसएस (चित्र लहान काढून मोठं करणारी सोय) क्वालिटीवर ठेवून फ्रेम लिहून घ्या, मग तिथेच परफॉर्मन्सवर टाका. फ्रेम वाढल्या तर अडथळा कार्डाचा. जागच्या जागी राहिल्या तर जो आकडा दिसतोय ती तुमच्या प्रोसेसरची त्या खेळातली कमाल आहे, कार्ड कितीही भारी लावलं तरी ती हलणार नाही. १६५ हर्ट्झसाठी दर फ्रेमला साधारण ६ मिलिसेकंद मिळतात, ६० ला १६.७. प्रोसेसरला त्या वेळात काम उरकायचं असतं.

"१४४०पीला प्रोसेसरने फरक पडत नाही" हे सगळीकडे ऐकू येतं, ते अर्धंच खरं आहे. डीएलएसएस क्वालिटी लावलं की चित्र आतून १७०७×९६० वर काढलं जातं, म्हणजे १०८०पी पेक्षाही कमी. कार्डाचं ओझं उतरतं, प्रोसेसरचं तसंच राहतं. त्यात रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करून चित्र काढणं) चालू केलं की दृश्याचा भूमितीय आराखडा सतत ताजा ठेवण्याचं काम वाढतं आणि त्याचा काही वाटा प्रोसेसरवर येतो. फ्रेम जनरेशनने (कार्डाने मधल्या फ्रेम स्वतः रचल्याने) आकडा फुगतो, पण माऊसचा प्रतिसाद खऱ्या फ्रेमवरच चालतो.

खर्च करण्याआधी फुकटातलं एक काम: टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग बघा. ३२०० ऐवजी २१३३ किंवा २६६६ दिसलं तर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सोय, बंद आहे. अर्धे झटके तिथेच सापडतात.

उष्मामापक

तिसऱ्या पर्यायावर आधी काट मारा.

९९५०एक्स मध्ये १६ कोअर असले तरी ते ८-८ च्या दोन चिपलेटमध्ये (छोट्या वेगळ्या चिपमध्ये) विभागलेले असतात, प्रत्येकीला स्वतःची ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी). एका चिपलेटवरून दुसरीकडे माहिती न्यायला वेळ जातो, म्हणून बहुतेक खेळ एकाच बाजूला नीट चालतात. ७८००एक्स३डी मध्ये आठही कोअरना एकत्र ९६ एमबी मिळते. ९९५०एक्स ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि हा ५.० पर्यंतच, तरी खेळात हाच पुढे असतो, कारण दरवेळी रॅमपर्यंत हेलपाटा घालावा लागत नाही. गेमिंगमधलं "वरचं" म्हणजे कॅश. कोअरची गर्दी व्हिडिओ रेंडर करणाऱ्यांसाठी.

तुमच्या यादीत अपवाद एकच, सिटीज स्कायलाइन्स २. शहर मोठं झालं की हा खेळ जास्त कोअर खरोखर वापरतो. पण १६ जीबी रॅम भरून डिस्कवर अदलाबदल सुरू झाली तरी अगदी तसेच झटके येतात, तेव्हा ती शंका आधी फेडा. ३२ जीबी कराच.

वापरलेला १४९००के घेऊ नका. १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप चिपमध्ये जादा व्होल्टेजमुळे कायमची झीज होण्याचा प्रश्न निघाला होता. इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ०एक्स१२बी हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) दिला. मायक्रोकोड पुढची झीज थांबवायला आहे, झालेली भरून निघत नाही. आधीच्या मालकाने तो कुठल्या बायोसवर किती महिने चालवला हे तुम्हाला कळणार नाही. शिवाय पूर्ण भारावर २५३ वॅट, म्हणजे ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर आणि दणकट व्हीआरएमचा (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचा) बोर्ड आलाच.

स्ट्रीमिंगसाठी कोअर मोजू नका. ओबीएसमध्ये एन्कोडर (व्हिडिओ आवळणारा भाग) प्रोसेसरवर चालणाऱ्या एक्स२६४ ऐवजी एनव्हीएन्क निवडा. ते काम कार्डातला वेगळा भाग करतो.

बायोसभक्त

चौथा पर्याय कुणी काढलाच नाही: बोर्ड तोच ठेवून ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी. दोन्ही ८ कोअर, ९६ एमबी कॅश, आणि तुमच्या बोर्डाचंच एएम४ सॉकेट; ७६०० किंवा ७८००एक्स३डीला मात्र नवा एएम५ बोर्ड आणि डीडीआर५ रॅम लागते. खात्रीच्या ठिकाणी मिळत असेल तर रॅम आणि बोर्डाचा खर्च वाचतो. ३६०० ची ३२ एमबी कॅश १६-१६ अशी दुभंगलेली आहे, त्यामुळे फरक चांगलाच जाणवेल.

करताना क्रम चुकवू नका. बोर्डाच्या पानावर हा प्रोसेसर कुठल्या बायोसपासून चालतो ते बघून जुना प्रोसेसर असतानाच बायोस चढवा. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणं) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा, कारण नवीन प्रोसेसर बसवल्यावर एफटीपीएम (त्या कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) रीसेट करायचा का असं विचारलं जातं आणि होय म्हटलं की ड्राइव्ह की मागतो. कूलर काढण्याआधी १० मिनिटं खेळ चालवून पेस्ट मऊ करा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळून सोडवा. सरळ वर ओढलात तर प्रोसेसर लॉक असतानाच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

३६०० सोबत आलेला छोटा कूलर १०५ वॅटच्या चिपला अपुरा. १२० मिलिमीटर पंख्याचा, चार हीटपाइपचा टॉवर पुरतो.

रात्रपाळी

एक्सएमपी बंदच होता! चालू केला, बरंच सुधारलं. काउंटर-स्ट्राइकमध्ये डीएलएसएस नाही, पण रिझोल्यूशन खाली आणूनही फ्रेम तिथेच. मग ७६०० बादच का?

उष्मामापक

बाद नाही. सायबरपंकसारख्या खेळात, जिथे कार्डच ९८ टक्क्यांवर असतं, तिथे ७६०० आणि ७८००एक्स३डी मधला फरक तुम्हाला डोळ्यांनी ओळखता येणार नाही. काउंटर-स्ट्राइक आणि शहराच्या खेळात येईल, तोही सरासरीपेक्षा १ टक्के लो मध्ये (सर्वात मंद १ टक्के फ्रेमच्या आकड्यात) जास्त. कार्ड आणखी दोन-तीन वर्षं हेच राहणार असेल तर आज ७६०० घ्या, पुढे त्याच एएम५ बोर्डावर एक्स३डी चढवा. वरचा आत्ताच हवा असेल तर त्यासाठी कार्ड किंवा रॅममध्ये काटछाट करू नका, तो सौदा उलटा पडतो.

७६०० घेतलात तर रॅमकडे कंजुषी नको: डीडीआर५-६०००, सीएल३० (रॅमच्या प्रतिसादाचा आकडा, कमी तितका चांगला), १६ जीबीच्या दोन स्टिक, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. कॅश कमी असल्याने त्याला मंद रॅम जास्त झोंबते, एक्स३डीला तेवढी नाही. चार स्टिक लावू नका, एएम५ वर चारांनी वेग खाली येतो. एक्सपो (एएमडीचं एक्सएमपी) स्वतःहून चालू होत नाही, बायोसमध्ये जाऊन करावं लागतं.

बायोसभक्त

आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहिली तर घाबरून बटण दाबू नका. एएम५ रॅमची जुळवणी करत असतो, मध्येच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून.