७ फुटी कपाटाची आतली मांडणी कशी करावी? (सल्ला हवा)

दहिसर_पूर्व
नमस्कार मंडळी. दहिसरला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, १० बाय ११ ची बेडरूम. तिच्यात ७ फूट रुंद, २ फूट खोल कोनाडा आहे. छत ९ फूट ४ इंच. कोनाड्याची मागची भिंत बाहेरची, पश्चिमेची. कोनाड्यापासून बेडपर्यंत २६ इंच मोकळे.
सामान: शर्ट-पँट मिळून ४०, साड्या ३५ (पैकी ८ सिल्क, २ नऊवारी), ड्रेस १५, ६ वर्षांच्या मुलीचे कपडे, ४ रजया, २ मोठ्या बॅगा, कागदपत्रं.
सुतार सोमवारी येतोय. घरात सगळ्यांना स्लायडिंग (सरकती दारं) हवंय. प्लाय कुठला घ्यावा आणि खण कसे पाडावेत?

सूत_आणि_इंच
सोमवार पुढे ढकला, आधी भिंत तपासा. पश्चिमेची बाहेरची भिंत म्हणजे पावसाचा मारा थेट तिच्यावर. फूटभर बाय फूटभर जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला पक्क्या बंद करा आणि दोन दिवस तसंच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीतून येतेय. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली दमट वाफ आहे. पहिल्या प्रकारात आतून कितीही रंग चोपडला तरी पोपडे धरणारच. बाहेरच्या भेगा बुजवायला सोसायटीला लेखी अर्ज द्या. ते होईपर्यंत त्या भिंतीला प्लाय टेकवूच नका.

भिंत कोरडी असली तरी कपाटाची पाठ आणि भिंत यांच्यात १ इंच फट ठेवा, आणि वरखाली हवा जाईल अशी जाळी बसवून घ्या. गोल, टोपीसारखी, ३५ एमएमची जाळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

कीर्तीनगर_फेरी
स्लायडिंगचा नाद सोडा. तुमच्याकडे २४ इंच खोली आहे. १ इंच मागची फट, पाव इंच पाठ, आणि स्लायडिंगचे दोन शटर (दारं) नि ट्रॅक मिळून साडेतीन इंच तरी गेले. आत उरले सव्वाएकोणीस. हँगरच १७-१८ इंचांचा असतो, त्यावर शर्टाची बाही धरा. म्हणजे शटर सरकवलं की बाह्या घासणार नाहीतर मध्ये अडकणार. साधं उघडणारं शटर पाऊण इंचाचं असतं, त्यात आत २२ इंच मिळतात. २० इंची ड्रॉवर चॅनेलही (ड्रॉवर ज्यावर सरकतो ती पट्टी) त्यात बसतं.

जागा_कुठाय
पण शटर उघडायला जागा हवी ना? सुतार ७ फुटांत ४ शटर टाकतील, म्हणजे २१ इंचांचं एक. २६ इंचांत ते उघडलं की माणूस उभा कुठे राहणार? त्यापेक्षा स्लायडिंग ४ इंच बाहेर काढा.

सूत_आणि_इंच
४ इंच बाहेर काढलं की बेडपर्यंत २२ उरतात. २० इंची ड्रॉवर पूर्ण ओढला तर बेडला जवळपास टेकतो. शिवाय स्लायडिंगमध्ये एका वेळी अर्धंच कपाट उघडतं, आणि ड्रॉवर दोन शटर जिथे एकमेकांवर येतात तिथे आला तर तो उघडतच नाही.

४ ऐवजी ६ शटर करा. हिशोब असा: कोनाडा ८४ इंच. तळाशी, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी रुंदी मोजा, सगळ्यात कमी आकडा धरा, त्यातून पाऊण इंच वजा करा. भिंती ओळंब्यात (सरळ उभ्या) नसतातच. सुताराने ओळंबा सोडून दाखवला की तुम्हालाच दिसेल. राहिलेली फट बाजूच्या पट्टीने झाकायची. ४ उभ्या फळ्या, दोन्ही बाजूंना सनमायका धरून एकूण साधारण ३ इंच खातात. म्हणजे तीन खण, प्रत्येक आतून सुमारे पावणेसत्तावीस इंच. प्रत्येक खणाला १४ इंचांची दोन शटर. १४ इंचांचं शटर उघडूनही समोर उभं राहता येतं. ड्रॉवर ओढलेला असताना मात्र बाजूलाच उभं राहावं लागेल, ते २६ इंचांत टळत नाही.

७ फुटी शटरला ४ बिजागऱ्या, म्हणजे २४ नग. कडेच्या दोन शटरना झिरो क्रँक (शटर फळीची पूर्ण कड झाकतं अशी बिजागरी). मधल्या फळ्यांवर दोन-दोन शटर येतात, त्या चार शटरना ८ क्रँक (शटर अर्धीच कड झाकतं अशी). हे सुताराला आधीच लिहून द्या. सगळ्या झिरो आणल्या की मधल्या फळीवर शटर एकमेकांना भिडतात, मग रंधा मारून कड छिलून टाकतात.

घडीची_साडी
साड्यांचं मी सांगते. पाचवारी साडे-पाच मीटर, लांबीत दोनदा दुमडली की एक मीटर ३७ सेंटिमीटर. तीच हँगरच्या दांडीवर मध्यावर टाकली की दोन्ही बाजूंना साधारण २७ इंच लटकते. वर हँगरचा हूक धरून ३६ इंचांचा खण पुरतो, त्यात जास्त जागा सोडणं म्हणजे वाया घालवणं. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास. तसंच लटकवलं तर जवळजवळ ४१ इंच होते, ३६ च्या खणात तळाला घसटणार. म्हणून नऊवारी आणि सिल्क घडी करून फळीवर.

एका थरात सिल्क ४-५ पेक्षा जास्त नको, वजनाने खालच्या घड्या चुरतात. साडी मलमलच्या कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत आपल्या पावसाळ्यात दमटपणा कोंडतो आणि जरीकाठ काळे पडतात. दर तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर रेशीम त्याच रेषेवर फाटतं. हँगर लोखंडी तारेचे नकोत, गंजाचा डाग निघत नाही. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका, आणि घरात लहान मूल आहे तर त्या नकोतच. वेखंडाचे तुकडे किंवा सुकवलेला कडुनिंब पुरचुंडीत बांधून ठेवला तरी चालतं.

दहिसर_पूर्व
वा, बरंच कळलं. मग तीन खणांत कुठे काय ठेवायचं? आणि सिल्क खाली की वर?

घडीची_साडी
सिल्क तळाला कधीच नको. लादी पुसताना पाणी उडतं आणि खालच्या हवेत दमटपणा जास्त असतो. वर, हात पोचेल अशा फळीवर ठेवा.

सूत_आणि_इंच
कपाट ७ फूट उंच, त्यावर माळा. खाली ४ इंचांचं स्कर्टिंग (लादीलगतची पट्टी), वरखालच्या फळ्या वजा केल्या की आत साडेअठ्ठ्याहत्तर इंच उरतात.

खण १, शर्ट-पँट: वरखाली दोन रॉड, प्रत्येकाला ३९ इंच. पातळ हँगरवर एक शर्ट साधारण १ इंच खातो, म्हणजे दोन रॉडवर पन्नासेक नग.

खण २, साड्या: वरून तीन फळ्यांची घरं, प्रत्येक १० इंच मोकळं. मधल्यात सिल्क, सगळ्यात वरच्यात नऊवारी, खालच्यात कुलपाचा ड्रॉवर कागदपत्रांसाठी. त्याखाली ३६ इंचांचं लटकवणं, पंचवीसेक साड्या बसतील. तळाला ७ इंचांचा ड्रॉवर.

खण ३: वर ५४ इंच ड्रेससाठी, खाली १० इंचांचे दोन ड्रॉवर. मुलीचे कपडे यातच. तिचा हात तिथपर्यंत पोचतो, त्यामुळे कपडे तीच काढेल.

ड्रॉवरबाबत एक घोडचूक जवळपास सगळीकडे दिसते. शटर ९० अंशांत उघडलं तरी त्याची कड आणि बिजागरी खणात थोडी येते, आणि ड्रॉवर तिला घासतो. दोन्ही बाजूंना १-१ इंचाची पट्टी द्या. मग चॅनेल. टेलिस्कोपिक चॅनेल एका बाजूला अर्धा इंच खातं. पावणेसत्तावीसमधून २ आणि १ गेले, ड्रॉवरचा डबा पावणेचोवीस. एक सूतही (इंचाचा आठवा भाग) जास्त झाला तर तो जाम होतो. सुताराला कागदावर हाच आकडा द्या.

कीर्तीनगर_फेरी
प्लायबद्दल: पाठ, तळाची फळी आणि स्कर्टिंग आयएस ७१० (मरीन प्लाय) चं. बाकी आयएस ३०३ (सर्वसाधारण वापराचा प्लाय) चालेल. शटर, फळ्या, उभ्या बाजू १८ एमएम, ड्रॉवर १२, पाठ ६. माळ्यासकट १८ चे साधारण ७-८ ताव, १२ चा १, ६ चे २. ताव ८ बाय ४ चा, १४ इंचांची तीन शटर एका तावातून निघतात, म्हणजे ६ शटर दोन तावांत. सनमायकाचा हिशोब तोच: बाहेरचा १ एमएमचा दोन ताव, वरच्या माळ्याच्या शटरना आणखी एक.

शटरच्या आतल्या बाजूलाही सनमायका मारायलाच लावा. एकाच बाजूला मारला की उघडी बाजू हवेतलं पाणी ओढते, दुसरी ओढत नाही, आणि ७ फुटी शटर दोन पावसाळ्यांत पिळवटतं. सुतार पैसे वाचवायला ‘आतून पेंट मारू’ म्हणेल, ऐकू नका. तळाच्या कडा पट्टीने बंद करून घ्या.

जागा_कुठाय
६ शटरवर मी मत बदललं. एक शंका: माळ्यावर २८ इंच उरतात, बॅगा बसतील?

सूत_आणि_इंच
२६ इंचांपर्यंतच्या असतील तर बसतील, पण आडव्या. माळ्यातही तीन खण करा, रजया मधल्यात, बॅगा कडेला. रिकाम्या बॅगेत एक रजई कोंबता येते.

दहिसर_पूर्व
शेवटचं. काम झाल्यावर कपडे लगेच भरले तर?

घडीची_साडी
नाही. फेविकॉल आणि प्लायचा वास उतरेपर्यंत शटर उघडी ठेवून १५ दिवस जाऊ द्या. पावसाळ्यात पाणी शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे खणाच्या तळाला, साडीच्या वर कधीच नाही. डबा भरला की ते पाणी सांडून कापड खराब करतं. सिलिका जेल घेतलंत तर निळं गुलाबी झालं की ते भिजलं असं समजा. मंद आचेवर कोरडं केलं की पुन्हा वापरता येतं.