गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळा : अंगाच्या रंगाचे शब्द

मुलांसाठीची एक इंग्रजी गोष्ट मी मराठीत आणते आहे. गोष्टीतली आठ वर्षांची मुलगी स्वतःची ओळख करून देते आणि दुसऱ्याच वाक्यात आपला रंग 'ब्राऊन' असल्याचं सांगते. त्यात लाज नाही, तक्रारही नाही. केस कुरळे आहेत हे जसं सांगावं, तसंच ती हे सांगते.

मी आधी लिहिलं, 'माझी त्वचा तपकिरी आहे.' वाचल्यावर ते दवाखान्यातल्या कागदावरचं वाक्य वाटलं. मग 'मी सावळी आहे' करून पाहिलं, तर उगाच गोड झालं. 'मी काळी आहे' लिहिलं तेव्हा घरातल्या दोघांनी एकदमच विचारलं, 'बिचारीला असं का बोलायला लावतेस?' त्या 'बिचारी'नं मी अडले आहे.

सावळा आणि काळा यांच्यातला फरक रंगाचा आहे की बोलणाऱ्याच्या मनाचा? आणि निमगोरा, गव्हाळ, उजळ हे शब्द नेमके कुठे सुरू होतात, कुठे संपतात?

*

ताई, तुमच्या पहिल्या वाक्यात 'तपकिरी'इतकाच 'त्वचा' हा शब्दही खटकतो. मराठीत माणूस 'रंगानं' सावळा असतो, किंवा नुसताच सावळा असतो. त्वचा रुक्ष असते, तेलकट असते, तिला विकार होतात. तो डॉक्टरांचा शब्द आहे. 'कांती' म्हटलं की रंगापेक्षा तेज पुढे येतं, म्हणून ती नितळ किंवा तुकतुकीत असते. कातडी जनावराची, नाहीतर गेंड्याची म्हणून माणसाला चिकटवलेली. 'गोरी कातडी' असं कुणी म्हटलं तर त्यात राग असतो. रंग सांगायचा तर 'ती रंगानं अशी अशी' हीच आपली वाक्यरचना.

तपकिरी शब्द तपकीर म्हणजे नाकात ओढायची तंबाखूची पूड, तिच्यावरून आला. बदामी, चॉकलेटी, विटकरी हेही असेच एकेका वस्तूवरून आलेले. कापडाला, भिंतीला, शाईला ते चालतात. माणसाला आपण ते लावत नाही. काळा सोडला तर आपल्याकडे वस्तूंचे रंग वेगळे आणि माणसांचे रंग वेगळे, आणि यात सहसा गल्लत होत नाही. कागद पांढरा असतो, गोरा नसतो. माणूस गोरा असतो, पांढरा नसतो. चेहरा पांढरा पडला म्हणजे भीती नाहीतर आजार, आणि अंगावर पांढरं उठलं म्हणजे कोड. बैलांची आणखी तिसरीच तऱ्हा. धवल या शब्दापासून झालेला ढवळा आणि पोवळ्याच्या रंगाचा पवळा हे गोठ्यातच राहिले. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' या म्हणीतला 'वाण' म्हणजे वर्ण, अंगाचा रंग.

गोरा हा पांढऱ्यापासून वेगळा राहिला याचं कारण त्याच्या मुळात आहे. संस्कृतातल्या गौर शब्दाला पांढरा, पिवळसर आणि तांबूस असे तिन्ही अर्थ आहेत. मराठी गोरेपणात हे तिन्ही अजून सापडतात. केतकी वर्ण म्हटला की पिवळसर झाक आली, लालगोरा म्हटला की तांबूस, आणि गोरापान म्हटला की नुसता उजेड. परदेशी माणसाच्या रंगाबद्दल 'गोरा आहे, पण फटफटीत' असं आजी म्हणायची, ते उगाच नव्हे. तिच्या मनातल्या गोऱ्यात थोडी हळद अपेक्षित होती.

आता सावळा. हा शब्द श्यामलपासून आला. दोन स्वरांमधल्या म चा व झाला आणि ल चा ळ झाला. आमलकाचा आवळा आणि कोमलचा कोवळा याच वाटेनं झाले. तेव्हा सावळा, आवळा, कोवळा ही एका घडणीची भावंडं आहेत. मूळचा श्याम मात्र फार ऐसपैस शब्द. मेघ श्याम, तमालवृक्ष श्याम, पिकांनी भरलेली जमीनही शस्यश्यामल. काळा, गर्द निळा, गर्द हिरवा हे सगळं त्यात मावतं. संस्कृत काव्यावरच्या टीकांमध्ये तर श्यामा ही तापलेल्या सोन्याच्या वर्णाची स्त्री, असाही अर्थ दिलेला आढळतो. म्हणजे काळ्यावर पाणी घालून पातळ केला की सावळा, असं मुळीच नाही. तो स्वतंत्र शब्द आहे आणि त्याच्या आत प्रकाश आहे.

म्हणूनच संतांनी विठ्ठलाला सावळाही म्हटलं आणि काळाही म्हटलं, आणि दोन्ही वेळा तितक्याच जिव्हाळ्यानं. काळा म्हणताना कुणाचा आवाज खाली गेला नाही. वर त्याचं एक नाव पांडुरंग, म्हणजे शब्दशः पांढऱ्या रंगाचा! हे नाव पंढरपूरच्या जुन्या कानडी नावाला चढवलेला संस्कृत साज असावा असं काही अभ्यासकांनी मांडलं आहे, आणि मला ते पटतं. पण शतकानुशतकं लोक काळ्या मूर्तीसमोर उभे राहून पांडुरंग म्हणत आले आणि त्यांना काही अडलं नाही, हे मला त्या व्युत्पत्तीहून मोलाचं वाटतं.

मग सावळा आणि काळा यांच्यात आज जो फरक पडतो तो कुठला? माझं ठाम मत सांगतो. पुष्कळ वेळा तो डोळ्यांचा नसतो, नात्याचा असतो. आपली ती सावळी, परकी ती काळी. एकाच मुलीला माहेरी सावळी म्हणतात आणि सासरी कुजबुजताना काळी. हा सावळ्या शब्दावरही अन्याय आहे. काळा म्हणायचं नाही म्हणून सावळा म्हणत राहिलं की तो झाकण होतो, आणि झाकणाला आतल्या वस्तूचा वास लागतो.

झाकण घालणारे शब्द आपल्याकडे आधीच खूप आहेत. 'रंगानं डावी' हा त्यातला सगळ्यांत बोचरा. डावी म्हणजे कमी आणि उजवी म्हणजे सरस, असं मोजमाप त्यात गृहीत आहे. रंग कोणता ते सांगायचीही गरज नाही. 'रंगानं जरा कमी' यातही तेच. कशापेक्षा कमी? उत्तर न सांगता दोघांनाही ठाऊक असतं. 'उजळ'ही तुलनेतच जगतो: बहिणीपेक्षा उजळ, फोटोपेक्षा उजळ. एकट्या माणसाला तो सहसा लागत नाही.

निमगोरा याच रांगेतला, पण त्याचं आयुष्य वेगळं झालं. निम म्हणजे अर्धा, निमसरकारी किंवा निमशहरी यांतला. अर्धा गोरा तो निमगोरा. आता पहा, निमकाळा असा शब्द मराठीत कुणी घडवला नाही. मोजायची काठी गोऱ्याकडूनच लावायची हे आधीच ठरलेलं होतं. आज निमगोरा रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. तो तग धरून आहे हरवलेल्या माणसांच्या निवेदनांत. 'रंग निमगोरा, बांधा मध्यम, चेहरा उभट, नाक सरळ.' तिथे त्याला ना मान ना अपमान. कुणीतरी आपलं माणूस शोधत असतं आणि शब्दाकडून फक्त अचूकपणा हवा असतो.

गव्हाळ हा मला या सगळ्यांत निर्मळ वाटतो. गहू, त्याचं सामान्यरूप गव्हा-, आणि त्यापुढे आळ. गव्हाळा, गव्हाळी अशीही रूपं चालतात, गहूवर्णी थोडा पुस्तकी. रंग सांगायला तो कुणाच्या अर्ध्यावर उभा राहत नाही, थेट धान्याकडे बोट दाखवतो. गंमत अशी की गोऱ्याच्या जवळचा गव्हाळ आणि सावळ्याच्या जवळचा गव्हाळ हे दोघेही गव्हाळच. गव्हाच्या जाती कितीतरी, तसंच ते. सीमा विचारलीत, तर ती त्याला नाही.

काळ्याला जोडून येणारे शब्दही तपासून घ्या. काळेभोर केस, डोळे आणि ढग असतात. अंगाच्या रंगाला भोर लागत नाही, आणि लागत नाही याची मला खंत आहे, कारण भोरमध्ये कौतुक आहे. काळंशार पाणी. काळाकुट्ट अंधार. माणसाच्या वाट्याला आले ते काळाकुट्ट, काळाकभिन्न. कुळकुळीत तेवढा बरा, त्यात तकाकी आहे. गोऱ्याला मात्र पान, गोमटा, लख्ख असे सगळे गोडवे मिळाले. म्हणीनं थोडा तोल सांभाळला: 'गोरागोमटा, कपाळ करंटा.'

*

वरच्या काकांच्या म्हणण्यात आमच्या वऱ्हाडची भर घालतो. आमच्याकडे बोलताना ळ चा य होतो, म्हणून काळा तो काया आणि डोळा तो डोया. 'काया पोरगा' म्हणताना आमच्या घरी कुणाला काही वाटत नसे. मला लहानपणी काया म्हणूनच हाक मारायचे. शहरातल्या शाळेत गेलो आणि तोच शब्द ळ घेऊन आला, तेव्हा तो पहिल्यांदा लागला. बदल एका अक्षराचा, पण घरचा शब्द परका झाला. म्हणून नात्याचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य.

अजून एक. शेतकऱ्याच्या तोंडी 'काळी' म्हणजे जमीन आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण. काळी कसदार, काळी पिकवणारी. तिथे काळीला कुणी बिचारी म्हणत नाही. काळू, काळूराम, काळूबाई ही नावंही आम्ही हौसेनंच ठेवली, सावळाराम आणि गोरोबा ठेवले तशीच.

*

दोघांचेही आभार. काया आणि काळी वाचून बराच वेळ थांबले.

आणखी दोन अडचणी विचारून घेते. एक, संपादकांनी सुचवलं आहे की सरळ 'कृष्णवर्णीय' लिहा, वर्तमानपत्रात तेच असतं. दोन, गोष्टीत पुढे चित्रकलेचा तास आहे. शेजारचा मुलगा तिच्याकडे 'स्किन कलर'चा खडू मागतो आणि ती त्याला आपल्या रंगाचा खडू देते. सगळा प्रसंग त्या शब्दावर उभा आहे. तिथे 'त्वचेचा रंग' म्हटलं की जीवच जातो.

*

कृष्णवर्णीय नको. त्यातल्या 'ईय'मुळे माणूस एका गटात जातो. अमेरिकेतल्या किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या एका समाजाबद्दल बातमी लिहिताना तो ठीक आहे, कारण तिथे गटाचाच इतिहास सांगायचा असतो. आपल्या शेजारच्या काकूंना कुणी कृष्णवर्णीय म्हणत नाही. आठ वर्षांची मुलगी स्वतःला तर नाहीच म्हणणार. जुन्या पुस्तकांतले हबशी आणि नीग्रो हेही टाळाच. हबशी मुळात हबश म्हणजे अ‍ॅबिसिनियाचा, आजच्या इथिओपियाचा रहिवासी, मलिक अंबर या अर्थानं हबशी होता. पण आपण देशाचा शब्द रंगाची शिवी म्हणून वापरून खराब केला.

खडूचा प्रसंग फार चांगला आहे, तो अजिबात मोडू नका. आपल्याकडेही कापडाच्या आणि रंगपेटीच्या भाषेत 'स्किन कलर' म्हणजे ठरलेला फिकट बदामी, मग वापरणाऱ्याचं अंग कुठल्याही रंगाचं असो. अमेरिकेत क्रेयोला कंपनीनं 'फ्लेश' म्हणजे मांस, अंग अशा नावाचा खडू १९६२ मध्ये 'पीच' करून टाकला. अंगाचा रंग एकच नसतो हे त्यांनी तेव्हा मान्य केलं. मुलाच्या तोंडी 'स्किन कलर दे ना' असंच ठेवा, आपली मुलं तेच म्हणतात. उत्तरात मुलीला 'अंगाचा रंग' म्हणू द्या. 'अंगाचा रंग ना? हा घे.' त्या दोन शब्दांत खडू बदलतो.

वऱ्हाडच्या मित्रांमुळे मला 'रापणे' आठवला, तो राहूनच गेला होता. उन्हानं रंग गडद होतो त्याला मराठीत दोन क्रियापदं आहेत. काळवंडला म्हटलं की नुकसान झालं; रापला म्हटलं की त्यानं कष्ट केले. आपल्या अंगातलं मेलॅनिन हे रंगद्रव्य ऊन अडवायला वाढतं, त्यामुळे शास्त्राच्या दृष्टीनं रापणं हे अंगानं केलेलं कामच आहे. त्वचाविकारतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये जी वर्गवारी मांडली आणि जी आज सहा प्रकारांची म्हणून वापरली जाते, तिच्या मुळाशी प्रश्न हाच होता की अंग उन्हात भाजतं की रापतं. गोष्टीत मुलीचे वडील शेतात किंवा बांधकामावर असतील, तर त्यांना रापलेलेच लिहा, काळवंडलेले नको.

आता तुमचं पहिलं वाक्य. मुलगी लाजत नसेल तर अनुवादकानंही लाजू नये. मी असं लिहिलं असतं: 'माझे केस कुरळे आहेत, दात एक पडलाय आणि रंगानं मी काळी आहे, आईसारखी.' तिन्ही गोष्टी एका दमात. काळी हा शब्द मधे एकटा उभा केला की वाचणारा थबकतो आणि बिचारी म्हणतो. पडलेल्या दाताशेजारी बसवला की म्हणत नाही. आणि 'आईसारखी'नं तो घरचा होतो. मूळ गोष्टीत आई त्या रंगाची नसेल तर आजीसारखी करा, आत्यासारखी करा, पण कुणाची तरी करा.

चित्रांत मुलगी फिकट रंगवली असेल तर सावळी ठेवा. तेवढं चित्रकाराला विचारून घ्या.